तांब्या भरलेला, घसा कोरडा

हॉस्पिटलात कॉटशेजारचा तांब्या सकाळी भरला आणि संध्याकाळीही तो तेवढाच भरलेला दिसला, तर पेशंटला तहान नव्हती असं समजू नका. त्याला तांब्या दिसला नसेल. दिसला तरी तो कशासाठी असतो ते आठवलं नसेल. आठवलं तर उचलता आला नसेल, आणि तेही जमलं तर हे पाणी आपलं की शेजारच्या कॉटवाल्याचं, या विचारात हात मागे गेला असेल. डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, झालेलं माणूस भरल्या तांब्याशेजारी तहानलेलं राहतं, ते असं.

मी ३१ वर्षं वॉर्डात सिस्टर होते. निम्मी रत्नागिरी जिल्ह्यात, निम्मी सिंधुदुर्गात. आता मालवणजवळ घरीच असते. एवढ्या वर्षांत इनटेक-आउटपुटचे, म्हणजे पेशंटच्या पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं त्याचे, किती तक्ते भरले त्याची मोजदाद नाही. ‘पाणी २०० मिली’ असं लिहायचं आणि पुढच्या कॉटकडे वळायचं. ते २०० मिली पेशंटच्या पोटात गेलं की दुपारी मावशींनी मोरीत ओतलं, हे बघायला मी कधी थांबले नाही. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे आताच्या मुलींवर मी राग काढतेय असं कुणाला वाटायला नको. रात्रपाळीला एकट्या सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो. पाणी पाजायचं काम फिरून फिरून सोबतीला थांबलेल्या माणसावरच येतं. म्हणून हे तुमच्यासाठी.

माझे डोळे उघडले ते सासूबाईंमुळे. त्या खळ्यात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. वय ८२, विसरायला लागून पाच वर्षं झालेली. ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी मात्र त्या कॉटच्या कडेला बसलेल्या आपल्या बहिणीशी बोलायला लागल्या. बहीण वारून वीस वर्षं झाली होती. सलाईनची सुई दोनदा उपसली. सगळे म्हणाले, भूल मानवली नाही, आता हे असंच वाढत जाणार. मी युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, उचलून बघितली तर तळाशी कोऱ्या चहासारखं काहीतरी, तेही जेमतेम. रक्त तपासलं. सोडियम १५२ आलं. ते १३५ ते १४५ च्या मध्ये असायला हवं. एवढं चढलं, म्हणजे अंगातलं पाणी कमी पडलं होतं.

दिवसा माझे यजमान थांबायचे. त्यांना विचारलं, तर म्हणाले, “विचारत होतो ना तिला. दर वेळी ‘माका तान नाय’ म्हणाली.” दिवसातून आठ वेळा विचारलेलं, आठही वेळा नको. लॉकर ठेवला होता ऑपरेशन झालेल्या बाजूला, जिकडे त्यांना वळता येत नव्हतं. त्यावर बाटली कुठली, तर पारदर्शक प्लास्टिकची, घट्ट झाकणाची. ती उघडायला मलाच दोन्ही हात लागले. डॉक्टरांनी सलाईन बदललं, आम्ही पाजायची पद्धत बदलली, आणि दोन दिवसांनी बहीण परत गेली. सासूबाई पूर्वीइतक्या झाल्या नाहीत, पण मला नावाने हाक मारायला लागल्या.

आधी डॉक्टरांना दोन प्रश्न

पाजायला लागण्याआधी विचारून घ्या: दिवसाला किती चालेल, आणि गिळण्याची काही अडचण आहे का. हृदय थकलेलं असेल, किडनी किंवा लिव्हरचा आजार असेल, किंवा रक्तातलं सोडियम कमी झालेलं असेल, तर पाणी मोजून-मापून द्यायचं असतं. तिथे माया म्हणून दिलेला जास्तीचा तांब्या रात्री धाप लावतो. अशा पेशंटला जो आकडा सांगितला असेल तोच खरा, माझं पुढचं काही लागू करू नका.

असं बंधन नसेल तर युरोपातली ईस्पेन ही आहारतज्ज्ञांची संस्था वयस्क बायकांना दिवसाला निदान १.६ लिटर आणि पुरुषांना निदान २ लिटर पेय द्यावं असं सांगते. आकडा ऐकून घाबरायला होतं. त्याची फुलपात्रं करा. आमच्या घरच्या फुलपात्रात १५० मिली मावतं, औषधाच्या मापाने मोजून बघितलंय. म्हणजे सासूबाईंची झाली अकरा. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, तासाला एकसुद्धा पडत नाही. त्यात चहा धरा, दूध धरा, पेज, ताक, पातळ वरण, सगळं धरा. चहाने पाणी उलट कमी होतं असं सांगणारे भेटतील. रोजच्या दोन-चार कपांनी तसं काही होत नाही, चहा हिशोबात चालतो.

“सलाईन चालू आहे, मग तोंडाने कशाला?” हेही फार ऐकलंय. सलाईनच्या एका बाटलीत ५०० मिली असतं, आणि ती दिवसभरात किती चढवायची ते डॉक्टरांनी ठरवलेलं असतं. बाटली लटकलेली दिसली म्हणजे गरज भागली असं नाही. सिस्टरना विचारा. तोंड ओलं राहणं, गिळायची सवय राहणं, यासाठीही तोंडाने घेणं बरं.

ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात तेव्हा “नक्की किती वाजेपर्यंत पाणी चालेल?” हे मुद्दाम विचारा. बहुतेक वेळा साधं पाणी भूल द्यायच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, पण निरोप पोचतो तो ‘रात्री बारापासून काही नाही’ एवढाच. मग ऑपरेशन दुपारवर जातं आणि म्हातारं माणूस पंधरा तास कोरडं. पुढे ढकललं तर लगेच जाऊन विचारा: आता प्यायला देऊ का?

‘पाणी हवं का?’ हे विचारायचं नाही

वय झालं की तहान लागल्याची जाणीवच बोथट होते, किडन्याही पाणी पूर्वीसारखं धरून ठेवत नाहीत. त्यात डिमेन्शिया. ‘हवं का’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आधी आत डोकावून तहान शोधावी लागते. ती सापडत नाही, मग सगळ्यात सोपं उत्तर येतं: नको. तुम्ही काय विचारलं तेही दोन मिनिटांनी आठवत नाही, पण नकार द्यायची सवय पक्की होत जाते.

म्हणून विचारू नका, भांडं हातात द्या. समोर बसा, डोळ्यांच्या पातळीवर. उभं राहून वरून पाजलं तर त्यांची मान वर जाते आणि आपण अंगावर आल्यासारखे वाटतो. नावाने किंवा नात्याने हाक मारा, नजर तुमच्याकडे वळू दे. चष्मा आणि कानाचं मशीन घरी ‘हरवू नये म्हणून’ कपाटात ठेवलं असेल तर आजच आणवून घ्या. मग त्यांची बोटं भांड्याभोवती गुंडाळा, त्याखालून तुमचा हात आधाराला लावा आणि दोघांनी मिळून ते ओठांपर्यंत न्या. पहिला घोट गेला की पुष्कळदा हात पुढचं काम आपणहून करतो. सत्तर वर्षांची सवय डोक्यापेक्षा हातात जास्त टिकते.

आणि तुम्हीही प्या. खरोखर, त्यांच्यासमोर, आवाज करून. आपण पितोय हे बघून ती पितात. सासूबाईंबरोबर मी त्या आठवड्यात इतका चहा प्यायले की मलाच पित्त झालं. “आये, चाय घेवया,” म्हणायचं, बश्या दोन काढायच्या, एक त्यांच्यापुढे, एक माझ्यापुढे. घोट घेऊन ‘हा’ करायचं. त्यापण ‘हा’ करायच्या. नवऱ्याने दिवसभरात जेवढं पाजलं नव्हतं तेवढं अर्ध्या तासात गेलं, आणि आमच्या नणंदेच्या लग्नातल्या भांडणाचा विषय निघाला तो वेगळाच.

भांड्याचं बोलते, कारण तिथे बरंच काही अडतं. पांढऱ्या चादरीवर पांढरा कप, पारदर्शक ग्लासात पारदर्शक पाणी, हे त्यांच्या डोळ्यांना दिसतच नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या संशोधकांनी २००४ साली अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) बळावलेल्या पेशंटना पांढऱ्याऐवजी भडक लाल ताट-पेल्यांतून दिलं, तर त्यांचं पिणं ८४ टक्क्यांनी आणि खाणं २५ टक्क्यांनी वाढलं. पेशंट अवघे नऊ होते, पण माझा अनुभवही तोच आहे. बाजारातून तीस-चाळीस रुपयांचा लाल किंवा गडद निळा प्लास्टिकचा मग आणा, कानाचा, म्हणजे कंपवाताचे हातही धरतील. पाण्यात भिजवलेलं कोकम पिळलं की पाणीच लाल दिसतं, तेही चालतं.

घरचं ओळखीचं भांडं चालत असेल तर सगळ्यात उत्तम. एक आजी आमच्या वॉर्डात तीन दिवस ग्लासाला हात लावत नव्हत्या. सून म्हणाली, माज इलो म्हातारीक. चौथ्या दिवशी नातवाने घरून त्यांचा पितळेचा पेला आणला. तो घासूनसुद्धा घेतला नव्हता. आजींनी तो बघितला आणि स्वतः हात पुढे केला. ‘दुसऱ्याचं उष्टं’ म्हणून त्या पीत नव्हत्या. बोलता येत नव्हतं, एवढंच.

वरून प्यायचं नाही

ही गोष्ट आपल्याकडचीच, बाहेरच्या पुस्तकांत मिळायची नाही. आपली जुनी माणसं तांब्याला तोंड लावत नाहीत. मान मागे टाकून वरून धार सोडतात. जन्मभर असं प्यायलेलं माणूस डिमेन्शियातही तसंच प्यायला जातं. गिळणं मंदावलेलं असताना मान मागे गेली की श्वासनलिकेचा रस्ता उघडा राहतो आणि धार सरळ छातीत. ठसका, मग ताप, मग न्यूमोनिया. असा एक पेशंट मी बघितलाय, धाकट्या मुलाने कौतुकाने तांब्या हातात दिलेला.

पाजताना पाठ सरळ, जमेल तितकी नव्वद अंशात. कॉटचं डोकं वर करून पाठीशी उश्या लावा, म्हणजे माणूस खाली घसरत नाही. हनुवटी किंचित छातीकडे. भांडं रुंद तोंडाचं असेल तर मान मागे न नेता पिता येतं. बशी यासाठी फार चांगली, आपल्या म्हाताऱ्यांना सवयीचीही. ग्लास अर्ध्याखाली गेला की तळ गाठायला मान वर जाते, म्हणून अर्धा झाला की पुन्हा भरा. एक घोट, थांबा, गळ्याची घाटी वरखाली झालेली बघा, तोंड रिकामं झालं याची खात्री करा, मग दुसरा. पिऊन झाल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवा. झोपेत किंवा गुंगीत असलेल्याच्या तोंडात चमच्यानेसुद्धा काही घालू नका, मग तो औषधाचा डोस का असेना.

प्याल्यावर खोकला येत असेल, आवाज घुरघुरा, पाण्यातून बोलल्यासारखा येत असेल, डोळ्यांतून पाणी येत असेल, किंवा जेवणानंतर संध्याकाळी उगाच ताप चढत असेल, तर पाजणं थांबवा आणि सिस्टरना सांगा. स्पीच थेरपिस्ट मिळाले तर ते गिळणं तपासून पातळ किती चालेल ते ठरवतात. कोकणात ते प्रत्येक ठिकाणी असतातच असं नाही, मग डॉक्टरांनाच धरायचं. कधीकधी पाणी घट्ट करायची पावडर लिहून देतात. ती सांगितल्या मापानेच घालायची, अंदाजाने नाही. स्ट्रॉचंही विचारूनच. ओढायचं कसं हे काहीजण विसरलेले असतात, आणि ज्यांना ओढता येतं त्यांच्या घशात एकदम जास्त येतं.

काय द्यायचं

साधं पाणी डिमेन्शियाच्या पेशंटला सहसा बेचव लागतं, आणि गोडाकडे जीभ वळते. म्हणून पाण्याचाच आग्रह धरू नका. आपल्याकडे तर कोकण आहे. सकाळी उकड्या तांदळाची पेज, जरा जास्त पातळ, वर तुपाचा थेंब. आजारी माणसाची पेज म्हटलं की नव्वदीतल्या बाईच्यासुद्धा चेहऱ्यावर ओळख उमटते. अकराच्या सुमाराला कोकम सरबत. दुपारी ताक, किंवा मिरची न घालता केलेली सोलकढी. कुळथाचं कळण पातळ करून. मे महिन्यात कलिंगड, त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच. बिया काढून, कुस्करून. ताडगोळा चविष्ट, पण बुळबुळीत, अख्खा घशात जातो. गिळणं धड नसेल तर टाळाच.

आता आपल्याच लाडक्या गोष्टींचे धोके. शहाळं सगळे घेऊन येतात, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी अधू असेल किंवा रक्तदाब-हृदयाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते रक्तात साचतं, आणि जास्त साचलं तर हृदयाचा ठोका बिघडतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय शहाळं फोडू नका. अमृत कोकमात साखर, आगळात मीठ. मधुमेहवाल्याला पहिलं नको, रक्तदाबवाल्याला दुसरं. ओआरएसची पुडी एक लिटरची असेल तर एक लिटरच पाणी घ्यायचं, ‘जरा घट्ट कालवते, ताकद येईल’ हे चालत नाही. आणि हगवण-उलटी नसताना कारण नसताना ओआरएस कशाला?

जेलीचं सांगते. इंग्लंडात लुईस हॉर्नबी या तरुणाने डिमेन्शिया झालेल्या आपल्या आजीसाठी जेली ड्रॉप्स नावाच्या रंगीत गोळ्या काढल्या. थेंबाच्या आकाराच्या, ९५ टक्के पाणी असलेल्या. ग्लास नको म्हणणारं माणूस गोळी उचलून तोंडात टाकतं, ही त्यातली अक्कल. मी ते ऐकून घरी चायना ग्रास (अगर-अगर) आणि कोकमाचा खटाटोप केला. पहिल्यांदा दोन्ही एकत्र उकळलं, आंबटपणामुळे जमलंच नाही, नुसतं पाणी. मग चायना ग्रास आधी पाण्यात उकळून विरघळवलं, उतरवल्यावर त्यात कोकम आणि साखर घातली, ताटलीत ओतलं, थंड झाल्यावर वड्या पाडल्या. सासूबाईंनी चार खाल्ल्या आणि पाचवी उशीखाली ठेवली. पण नीट चावून गिळणाऱ्यांनाच ही जेली द्या. ती तोंडात विरघळत नाही, तुकडा राहतो.

नको म्हणतात तेव्हा

एक आजोबा होते, एसटीत ड्रायव्हर होते नोकरीभर. मालवण-कोल्हापूर गाडी, फोंडाघाटातून. वॉर्डात दिवसभर कॉटचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसायचे. पाणी पुढे केलं की मान हलवायचे, जास्त आग्रह केला तर ग्लास उडवायचे. चिडखोर पेशंट म्हणून केसपेपरवर नोंदसुद्धा झाली होती. त्यांच्या बायकोने तिसऱ्या दिवशी उलगडा केला. “अहो सिस्टर, ते गाडी चालवतत. गाडी घाटात आसा.” घाटात ड्रायव्हर पाणी पितो का? मग ती बाई स्वतःच दांड्यावर टिचकी मारायची, कंडक्टर मारतो तशी, आणि म्हणायची, “फोंड्याक गाडी लागली. धा मिनटां. चाय घेवा.” आजोबा दांडा सोडायचे, हात पुसायचे आणि अख्खा कप संपवायचे. मग आम्ही दिवसात फोंड्याला गाडी सहा वेळा लावली. एकदा दाजीपूरलाही थांबवली.

म्हणून नकाराशी भांडू नका, तो कुठून येतो ते बघा. एकादशी आहे असं त्यांना वाटतंय का? मग फराळाचं ताक. शेतावरून दमून आल्यावर गुळाचा खडा आणि पाणी घ्यायची सवय होती का? मग गूळ पुढे करा. दिवेलागणीनंतर बहुतेकांची घालमेल वाढते, घरी जायचा धोशा लागतो. तेव्हा पाजायला जाऊ नका, जोर सगळा सकाळी आणि दुपारी लावा. एकदा नको म्हटलं तर वीस मिनिटांनी परत जा. त्यांच्यासाठी ती पहिलीच वेळ असते. विसरण्याचा हा एवढा एक फायदा आहे, तो घ्यावा. गोळ्या द्यायच्या वेळा तर वाया घालवूच नका. गोळी घोटभर पाण्याबरोबर न देता अर्ध्या फुलपात्राबरोबर द्या.

तोंडात बघा. ही गोष्ट सगळे विसरतात. जीभ सुकून चिरलेली, टाळ्यावर पांढरा बुरशीचा थर, कवळीखाली जखम, असं असेल तर कोण पिईल? सकाळ-संध्याकाळ ओल्या मऊ फडक्याने तोंड पुसा, कवळी काढून धुवा, ओठांना काहीतरी चोपडा. थर दिसला तर डॉक्टरांना दाखवा.

आणि नकारामागे लघवीची भीती असते. बायकांमध्ये तर हमखास. संडास लांब, सलवार घातलेली कोवळी मुलगी भांडं घेऊन आलेली, शेजारी परकी माणसं. जिने जन्मभर लाजेने अंग झाकून घेतलं ती सरळ हिशोब करते: प्यायचंच नाही. शब्दांत सांगता येत नाही, पण हा हिशोब डिमेन्शियातही सुटत नाही. दर दोन तासांनी आपणहून न्या किंवा भांडं द्या, पडदा ओढा, घाई करू नका. ‘डायपर घातलाय ना, त्यातच करा’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आणि चार-दोनदा स्वतःही म्हटलं. ते म्हणू नये.

काय लिहून ठेवायचं, काय बघायचं

लघवीच्या रंगावर सगळे विसंबतात. रंग गडद असला तर लक्ष द्याच, पण म्हाताऱ्या माणसात फिकट रंगाने निर्धास्त होऊ नका. औषधांनी आणि थकलेल्या किडन्यांनी तो फसवतो. चामडीची चिमूट काढून बघणंही म्हातारपणी उपयोगाचं नाही, ती तशीही सैलच. खरं काय ते रक्ताच्या तपासणीत कळतं. तुम्ही बघायचं ते वेगळं: माणूस कालच्यापेक्षा वेगळं वागतंय का. अचानक बरळणं, कपडे ओढणं हे सगळ्यांना दिसतं. पण अचानक गप्प होणं, जेवताना डोळा लागणं, हाक मारली तर उशिरा बघणं, हे कुणाला दिसत नाही. वॉर्डात ‘शांत पेशंट’ म्हणून त्याचं कौतुक होतं. आम्ही शांत पेशंटकडे सगळ्यात शेवटी जायचो. आज पहिल्यांदा गेले असते. असं काही दिसलं तर ‘आजी आज बऱ्या वाटत नाहीत’ असं मोघम सांगू नका. “काल दुपारपर्यंत मला ओळखत होत्या, आज नाही. सकाळपासून दोनच फुलपात्रं गेलीत,” असं सांगा. डॉक्टर ऐकतात.

त्यासाठी वही ठेवा. फुलपात्र एकच वापरा, त्यात किती मावतं ते एकदा मोजून घ्या, आणि भरलं किती ते लिहू नका, रिकामं किती झालं ते लिहा. सांडलेलं वजा. पदरावर गेलेलं वजा.

आजार फार पुढे गेलेला असेल, गिळणंच बंद होत आलं असेल, तर हे सगळं बदलतं. तिथे नाकातून नळी घालायची का, हा प्रश्न येतो. अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ साली, डिमेन्शिया शेवटच्या टप्प्यात असेल तर नळीपेक्षा हाताने जपून भरवावं, असं म्हटलंय. तो निर्णय घरच्यांनी डॉक्टरांसमोर बसून घ्यायचा. अखेरच्या दिवसांत ओला बोळा ओठांवरून फिरवणं एवढंच काम उरतं. तेही काम आहेच.

पाळी बदलताना निरोप हरवतो, म्हणून कागद लावा. आम्ही सासूबाईंच्या उशाशी चिकटपट्टीने लावलेला कागद अजून माझ्याकडे आहे, कोपऱ्यावर चहाचा डाग आहे. दीर मुंबईहून रात्री थांबायला येणार होते, त्यांच्यासाठी लिहिलेला:

‘आईला पाणी हवं का विचारू नका. लाल मग डाव्या हातात द्या, उजवीकडे वळता येत नाही. आधी चष्मा घाला. डाव्या कानाने ऐकू येतं. झोपवून पाजायचं नाही. तांब्याने वरून पाजायचं नाही, मागितला तरी. चहा बशीत, कोमट. तुम्हीही प्या. शहाळं नको. दर दोन तासांनी भांडं, पडदा ओढून, आणि मावशी असतील तर त्यांना बोलवा, तुमच्यासमोर ती करणार नाही. रात्री नऊनंतर आग्रह नको. किती गेलं ते वहीत. उशीखाली जेलीची वडी असेल, ती काढून टाका, मुंग्या येतात.’